स्टेपनी नसलेली गाडी

टायर हा काही लेख लिहावा असा विषय नव्हे, मान्य. पण गेला आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. फोनवरून पुणंही त्यात सामील झालं, त्यामुळे आता लिहूनच टाकते.

माझी गाडी जर्मन, थोडी स्पोर्टी, मागच्या चाकांवर चालणारी सेडान. डिकीत स्टेपनी नाही. ठेवायला खळगाच नाही! कारण गाडी कारखान्यातूनच रन-फ्लॅट टायर घालून येते. या टायरच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड आणि ताठ असतात की हवा पूर्ण गेली तरी गाडीचं वजन त्या भिंतीच पेलतात. साधारण ८० किलोमीटर अंतर, ताशी ८० च्या आत, असा त्यांचा वायदा. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्येही असेच टायर आणि स्टेपनी नाही. हवा गेल्याचं चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही, म्हणून डॅशबोर्डवर हवेच्या दाबाचा दिवा असावाच लागतो.

हे बाबांना सांगितलं तर ते फोनवर क्षणभर गप्प. मग म्हणाले, "अगं, स्टेपनीशिवाय गाडी विकतात कशी?"

त्यांचंही बरोबर आहे. आमची पद्मिनी खंबाटकी घाटात पंक्चर झाली की बाबा जॅक लावणार, आई पाण्याची बाटली घेऊन उभी, आणि चाकामागे दगड लावायचं काम माझं. पुढच्या गावात पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचा. ते बघायला मिळावं म्हणून मला पंक्चर व्हावंसंच वाटायचं. गंमत म्हणजे 'स्टेपनी' हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी बसलेल्या चाकावर अडकवायचं एक बिनआऱ्यांचं जादा चाक काढलं, कारण तेव्हाच्या मोटारींना जादा चाकच नसे. शंभर वर्षांनी आम्ही पुन्हा तिथेच येऊन पोचलो म्हणायचं!

असो. तर मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या रस्त्यांचं जे होतं ते झालं. भेगांमध्ये पाणी शिरतं, गोठतं, वितळतं आणि डांबर उखडतं. अशाच एका खड्ड्यात पुढचं डावं चाक दणकन आपटलं आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या भिंतीवर लिंबाएवढं टेंगूळ. टेंगूळ म्हणजे आतले धागे तुटलेले. त्याला ठिगळ नाही, औषध नाही. टायर बदलायचा, आणि तोवर गाडी चालवायची नाही. बाकीचे तीनही संपत आलेले. नक्षीच्या खाचेत एक सेंटचं नाणं उलटं धरलं तर लिंकनच्या डोक्याचा वरचा भाग जवळजवळ दिसू लागला होता. तो पूर्ण दिसला की खाच इंचाच्या २/३२ पेक्षा कमी उरली, म्हणजे टायर कायद्यानेही बाद. थोडक्यात, चारही घ्यायचे.

इथून वाद सुरू झाला. नवऱ्याचं मत ठाम, पुन्हा रन-फ्लॅटच. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संध्याकाळची पाळी करते. रात्री साडेअकराला निघते, २८७ वरून घर ३४ मैल. तो म्हणाला, "पन्नास मैलांची हमी आहे, तू चौतीस जातेस. ताशी पन्नासनं ये, उशीर होऊ दे. पण अंधारात रस्त्याच्या कडेला उभी राहू नकोस."

या मुद्द्याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, आजही नाही. रन-फ्लॅट विकतात ते नेमकं या भीतीसाठीच, आणि ती भीती खोटी नाही.

माझं म्हणणं वेगळं होतं. हवा जाते कधीतरी, काही वर्षांतून एकदा. पावसात ब्रेक मी रोज मारते. ताठ भिंतींचा टायर लहानसहान खड्डाही पाठीच्या कण्यापर्यंत पोचवतो. हवा नसताना चालवलेला रन-फ्लॅट बहुधा दुरुस्तही करत नाहीत, नवाच घ्यावा लागतो. साध्या टायरच्या नक्षीच्या भागात खिळा घुसला तर आतून ठिगळ लावून काम भागतं. शिवाय मला हव्या त्या मापात रन-फ्लॅटमध्ये निवडीला वावच फारसा नव्हता.

उन्हाळी टायर मी लगेच बाद केले. पारा ७ अंशांच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक होऊन पकड सोडतं, आणि इथला जानेवारी बहुतेक त्याखालीच. हिवाळ्यासाठी वेगळा संच ठेवायला अपार्टमेंटमध्ये जागा नाही. राहिले ऑल-सीझन. यात एक खोच आहे. टायरवर 'एम+एस' लिहिलेलं असतं ते नुसत्या नक्षीच्या आकारावरून. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल, तरच तो टायर दाबलेल्या बर्फावर गाडी ओढण्याच्या चाचणीत पास झालेला असतो. ओढण्याच्या, थांबवण्याच्या नव्हे, हेही लक्षात ठेवायचं.

शेवटी दोन नावं उरली. काँटिनेंटलचा एक्स्ट्रीमकाँटॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस आणि मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४. काँटिनेंटलची एक युक्ती मला फार आवडली. नक्षीतच डी, डब्ल्यू, एस ही अक्षरं कोरलेली असतात. झिजून एस गेला की बर्फाचे दिवस संपले, डब्ल्यू गेला की पावसाचे. चालवणाऱ्याशी इतकं सरळ बोलणारी वस्तू विरळाच! वॉरंटीही ५०,००० मैलांची, मिशेलिनची ४५,०००. पण बर्फासाठी मला मिशेलिन जास्त भरवशाचा वाटला. बर्फ पडला म्हणून लॅब बंद राहत नाही, आणि माझी गाडी मागच्या चाकांवर चालते. मिशेलिन घेतला.

बसवायच्या आधी चारही टायरांवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. बाबांनी भाजीवाल्याकडे भेंडीची टोकं मोडून पाहावीत, तशीच दिसत असणार मी.

फरक पहिल्याच सिग्नलला जाणवला. रुळांवरून जाताना जो गचका बसायचा त्याचा नुसता आवाज झाला. स्टिअरिंग मात्र थोडं मऊ वाटतं. वळणावर गाडी आधी जराशी कलते आणि मग वळते, पूर्वीसारखी चटकन नाही. मला चालतं. ज्यांना चालणार नाही त्यांनी विचार करून घ्यावा.

डिकीत आता पंक्चरचा संच, १२ व्होल्टचा पंप, विजेरी आणि परावर्तक त्रिकोण आहे. रोडसाइड मदतीचं सभासदत्व वरच्या श्रेणीचं केलं. नवऱ्याने जुन्या टायरला मुद्दाम स्क्रूने भोक पाडून माझ्याकडून दोनदा बुजवून घेतलं. दुसऱ्यांदा अकरा मिनिटं लागली. भिंत फाटली तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, टो ट्रकचीच वाट पाहायची, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

बाबांना सगळं सविस्तर कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे स्टेपनी अजून नाहीच?"

नवरा मी घरी येईपर्यंत जागा असतो. तसा तो पूर्वीही असायचा म्हणा. आता फक्त टीव्ही लावत नाही, फोन मांडीवर ठेवून बसतो.