मोकेई आणि मोदेरु

परिभाषेचा पेपर शिकवताना, लिप्यंतर म्हणजे अनुवादकाचा आळस, असे आम्ही वर्षानुवर्षे ठासून सांगत आलो. आमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात इंग्रजी-जपानी तांत्रिक अनुवाद करते. सुरुवातीच्या एका कामात संगणकीय ‘मॉडेल’साठी तिने ‘मोकेई’ हा शब्द निष्ठेने योजला आणि मजकूर परत आला. मोकेई म्हणजे मुख्यतः हाताने घडवलेली प्रतिकृती. आगगाडीची, जहाजाची, इमारतीची. समीकरणांनी उभारलेल्या प्रारूपाला जपानी अभियंते ‘मोदेरु’ म्हणतात. “तुमचंच ऐकलं होतं, सर,” ती हसत म्हणाली. आम्हांला मात्र हसू आले नाही.

वस्तुतः जपानी भाषेला शब्द घडवण्याचे वावडे नाही. पाश्चात्त्य ‘फिलॉसॉफी’साठी निशी आमाने यांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेला ‘तेत्सुगाकु’ हा शब्द आज परका वाटत नाही. चल राशीला ‘हेन्सू’ आणि यंत्राच्या शिकण्याला ‘किकाई गाकुशू’ हे शब्द चिनी लिपिचिन्हांतूनच सिद्ध झाले आहेत. पण त्यांच्या शेजारी काताकाना लिपीतले उसने शब्दही निःसंकोच नांदतात. योकोहामा येथे 2002 साली कार्यान्वित झालेल्या महासंगणकाचे नाव ‘चिक्यू शिम्युरेता’. पृथ्वी जपानी, सिम्युलेटर इंग्रजी! जपानच्या राष्ट्रीय भाषासंस्थेने 2003 ते 2006 या काळात अवघड परभाषी शब्दांना पर्याय सुचवले. ‘सिम्युलेशन’साठी ‘मोगी जिक्केन’, म्हणजे नकलेचा प्रयोग, हा पर्याय अर्थवाही आहे. तरीही लोकांच्या तोंडी उसना शब्दच राहिला, आणि तोही पुष्कळदा ‘शुमिरेशोन’ असा बिघडून. ‘शुमी’ म्हणजे छंद. ओळखीच्या शब्दाकडे जीभ वळणारच.

मग शुद्ध शब्द नेहमीच सुरक्षित असतो का? याचे उत्तरही त्याच विद्यार्थिनीने दिले. ‘केन्शो’ हा निखळ जपानी वळणाचा शब्द. इंग्रजीत मॉडेलच्या कसोट्या दोन: समीकरणे बिनचूक सोडवली गेली का, हे पाहणे म्हणजे ‘व्हेरिफिकेशन’, मुळात ती समीकरणे वास्तवाला लागू पडतात का, हे पाहणे म्हणजे ‘व्हॅलिडेशन’. जपानी प्रमाणकांत पहिलीला ‘केन्शो’ आणि दुसरीला ‘दातोसेई काकुनिन’ असा भेद आहे. परंतु ‘क्रॉस-व्हॅलिडेशन’चा रूढ प्रतिशब्द ‘कोसा केन्शो’ असल्यामुळे दुसरी कसोटीही पहिलीच्या नावाने वावरते. जपानीतून इंग्रजीत येताना केवळ शब्दावर विसंबून चालत नाही. लेखकाने नेमके काय तपासले, हे समजून घ्यावे लागते. पुराचे प्रारूप गणिताने निर्दोष असूनही नदीबाबत साफ चुकू शकते. अशा वेळी एका शब्दाची गल्लत ही केवळ शैलीची बाब उरत नाही.

“मराठीत या दोहोंना काय म्हणाल?” तिने विचारले. पहिल्याला आम्ही तत्परतेने ‘पडताळणी’ म्हटले. दुसऱ्याला क्षणभर थांबून पुन्हा ‘पडताळणी’च म्हणालो आणि गप्प झालो.

‘चल’, ‘प्राचल’, ‘प्रतिमान’ हे शब्द आम्ही आजही आवडीने शिकवतो. परंतु शब्द देशी की विदेशी, हा प्रश्न आता आमच्या तासाला दुसरा असतो. तो कोणता भेद राखतो आणि कोणता पुसतो, हे आधी विचारतो. हा प्रश्न आम्हांला आमच्या विद्यार्थिनीने शिकवला, हे मान्य करताना संकोच वाटत नाही; तो इतक्या उशिरा सुचला, याचा मात्र वाटतो.