उलटा देवगिरी

‘काय गं, हा मिनार इकडं कसा आला?’

तीन महिन्यांच्या अबोल्यानंतर बाबा माझ्याशी बोलले, ते हे वाक्य!

अबोल्याचं कारण साधं होतं. मी पेपरमधली डेस्कची पक्की नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं. ‘फ्रीलान्स म्हणजे बेकारच, फक्त इंग्रजीत,’ हे बाबांचं मत. बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या माणसाला मी काय समजावणार? फोन आईला करायचा आणि मागून टीव्हीचा आवाज वाढलेला ऐकायचा, असं चाललं होतं.

त्याच दिवसांत पुण्यात एचिंगचं वीकेंड वर्कशॉप दिसलं. म्हटलं, बाबांच्या वाढदिवसाला दौलताबादचा किल्ला छापून न्यावा. लहानपणी दर पावसाळ्यात ते आम्हाला तिथं न्यायचे. येताना रस्त्यावरच्या टोपलीतली सीताफळं ठरलेली.

तर एचिंग म्हणजे काय? गुळगुळीत तांब्याच्या प्लेटवर मेण-डांबराचा पातळ थर द्यायचा आणि सुईनं त्यावर चित्र काढायचं. सुई फिरेल तिथं तांबं उघडं पडतं. मग प्लेट अ‍ॅसिडमध्ये! उघडी रेघ तेवढी खाल्ली जाते. वेळ जास्त, तर रेघ खोल आणि छापल्यावर जास्त काळी. नंतर प्लेटवर शाई चोळून जाळीदार कापडानं पुसायची, म्हणजे ती फक्त खाचांत उरते. वर ओलसर कागद, त्यावर जाड ब्लँकेट, आणि सगळं प्रेसच्या रोलरखालून काढायचं. दाबाखाली कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलतो. रबर स्टँपमध्ये उंच भाग छापतो, इथं खोल भाग. याचंच नाव इंटाग्लिओ.

आपल्या भागाचं या कलेशी जुनं नातं आहे, हे मला तिथंच कळलं. सवाई माधवरावांचं चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स दौलताबादच्या शेजारी वेरूळला आला होता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पुण्याच्या गंगाराम तांबट यांनीही लेण्यांची चित्रं काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलनं लंडनमध्ये १८०३ साली वेरूळचे २४ प्रिंट्स काढले, तेही अ‍ॅक्वाटिंटमध्ये. यात प्लेटवर राळेची पूड भुरभुरवून तापवतात. कणांच्या मधून अ‍ॅसिड शिरतं आणि वॉटरकलरसारखी छटा मिळते. स्वतः वेल्सला मात्र ते बघायला मिळाले नाहीत. पुढे १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली, तीसुद्धा तांब्याच्या पत्र्यांवरून!

कागद मी घरचाच वापरला. दौलताबादजवळचं कागजीपुरा हातकागदासाठी प्रसिद्ध. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी हलवली, तेव्हा हे कारागीर आले असं सांगतात. शाळेच्या सहलीत घेतलेला एक ताव मी इतकी वर्षं जपला होता.

चार वीकेंड, दोन भाजलेली बोटं आणि काळी नखं, एवढ्या खर्चात प्रिंट निघाली. फोटो समोर ठेवून मी किल्ला जसाच्या तसा प्लेटवर काढला होता. छापल्यावर चित्र आरशासारखं उलटं होतं, हे शिकवलेलं ऐन वेळी विसरले! चांदमिनार डोंगराच्या भलत्याच बाजूला. आणि अ‍ॅसिडमध्ये कंट्रोल-झेड नसतं. कागदही तो एकच होता. तरी तीच प्रिंट प्लेटसकट बॅगेत टाकली आणि छत्रपती संभाजीनगरची बस धरली.

बाबांनी चष्मा वर सरकवला आणि वर दिलेलं वाक्य म्हणाले. मी गप्प. मग त्यांनी प्लेट उचलून खिडकीपाशी नेली. ‘इथं तर बरोबर आहे की! ट्रेसिंग पालथं घालून काढायचं होतंस. एवढं साधं...’ बोलता बोलता कपाटातून त्यांचा जुना ट्रेसिंग पेपर बाहेर आला. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं जमिनीवर बसून मिनार योग्य जागी नेत होतो.

रविवारी किल्ल्यावर गेलो. बाबांचे गुडघे आता अंधारीपर्यंत चढू देत नाहीत, म्हणून चांदमिनाराजवळच बसलो. नोकरीचा विषय निघणारच होता, निघाला.

‘महिन्याचे मिळतात किती?’

पहिल्यांदाच मी खरा आकडा सांगितला. ते बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले.

‘कमी आहेत,’ म्हणाले. ‘पण रेघ चांगली आहे तुझी.’

उलटी प्रिंट त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलीय. पाहुण्यांनी चूक काढली, की म्हणतात, ‘आरशात बघा!’