दिवा आणि मी

बँकेत बावीस वर्षे लोकांच्या ठेवी सांभाळल्या, पण सायकलीचा पुढचा दिवा काही सांभाळता आला नाही. रबरी पट्ट्याचे दोन दिवे वर्षभरात बुडीत खाती जमा झाले. तिसरा मी दर वेळी काढून खिशात ठेवू लागलो. तो चोरीला गेला नाही. खिशातच राहू लागला! एका रात्री अंधारात रिक्षा अंगावर येता येता वाचली. घरी पोचलो तेव्हा हात कापत होते. सौ. एवढंच म्हणाली, "अहो, दिवा गेला तर दुसरा मिळतो."

दुसऱ्याच दिवशी दुकान गाठले.

"साहेब, ॲलन बोल्टचा घ्या. काढायला पाना लागतो."

"चोराकडे पाना नसेल?"

"असेल की! पण तो तुमचा बोल्ट फिरवत बसेपर्यंत शेजारच्या सायकलचा पट्टा सुटतो."

पटले. दिवा पक्का बसला. फक्त चार्जिंगसाठी दर रविवारी अख्खी सायकल खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढतो. सौ. दारात उभी राहून मोजते, "एक सायकल, एक दिवा, एक नवरा."

शिल्लक जुळते!