जालन्यातला विजेचा भैरव

'जालना, सोने का पालना' ही जुनी म्हण आता मोसंबीने आणि लोखंडी सळ्यांनी टिकवली आहे. मी मात्र तिथे गेलो तो एका तबकडीच्या ओढीने. कुंडलिकेकाठी एका स्नेह्यांच्या माडीवर चरणजित सिंगांचे चार भक्त जमले होते. जिल्हा १९८१ चा, तबकडी १९८२ ची! मुंबईच्या सिनेसंगीतातल्या या वादकाने रोलंड कंपनीच्या तीन जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले.

भैरव सुरू झाला. अंबडच्या दत्तजयंतीच्या मैफलींवर कान पोसलेले एक आजोबा कडाडले, "हा राग? अहो, हा तर विहिरीवरचा पंप!"

"ठेका सोडा, आजोबा. कोमल रिषभ ऐका," यजमानांचा मुलगा म्हणाला. यंत्रात स्वर घसरवण्याची सोय होती. मींड तिच्यातूनच निघत होती.

तेव्हा ही तबकडी फारशी कुणी विचारली नाही. २०१० साली एका डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित युरोपात वाजवू लागले. २०१५ साली ते गेले. पारख झाली, पण किती उशिरा!

आजोबांनी डोळे उघडले. "रात्री कसला भैरव लावता? वेळेचा मालकंस लावा!"

म्हणजे राग मान्य झाला होता.