फोंडाघाट उतरून फुफीच्या घरी

दिवाळीची सुट्टी लागली की "कुठे जायचे?" म्हणून मुले मागे लागतात. यंदा उत्तर अब्बांनी दिले, "मालवणला. फुफीकडे." आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. या जाण्यामागचे कारण आम्हाला ठाऊक होते.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातले आमचे वडिलोपार्जित घर विकले गेले. दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे पाच हिश्श्यांतला एक फुफीचा. पण तिच्याकडून फार पूर्वीच हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. घरोघरी घेतात तशीच. "बहीण कुठे नाही म्हणणार आहे?" एवढाच त्यामागचा विचार. कागद पक्का होता, कोणी जाब विचारणार नव्हते. अब्बांची झोप मात्र उडाली होती. शेवटी मरहूम चाचांच्या मुलांशी ते बोलले, त्यांनीही आपला वाटा आनंदाने दिला. चेकचे पाकीट अब्बांच्या खिशात होते.

फजरची नमाज पढून आम्ही निघालो. कोल्हापूर ते मालवण हे अंतर राधानगरीमार्गे सुमारे दीडशे किलोमीटर. भोगावतीच्या काठाने दोन्हीकडे ऊस उभा होता. एका गुऱ्हाळावर थांबून मुलांनी गरम काकवी चाखली आणि आम्ही फुफीसाठी गुळाची ढेप घेतली.

राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, हे ऐकून मुले चकित झाली. याच महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला. आमच्यासारख्या कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस त्यामुळे तयार झाला. अब्बांनी हे सांगितले आणि पुढे बराच वेळ ते गप्प राहिले.

दाजीपूरच्या जंगलात गाडीचा वेग आपोआप कमी होतो. हे गव्यांचे राज्य. गवा काही दिसला नाही, पण झाडांची सावली आणि गार वारा मनसोक्त मिळाला. जंगल संपते तिथे सह्याद्रीही संपतो आणि फोंडा घाट सुरू होतो. खाली कोकण हिरव्या पाटासारखे पसरलेले दिसते.

अब्बांनी उमेदीत याच घाटात ट्रक चालवला. कोल्हापूरचा गूळ खाली न्यायचा, येताना नारळ-सुपारी आणायची. आता गाडी आम्ही चालवत होतो आणि उतारावर सारखा ब्रेक दाबत होतो. चौथ्या-पाचव्या वळणानंतर जळका वास येऊ लागला. "थांब," अब्बा म्हणाले. "ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक थांबण्यासाठी असतो, उतरण्यासाठी नाही." कडेला जागा पाहून गाडी थांबवली, चाके निवू दिली. पुढचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश उतरलो.

घाट उतरताच फोंडाघाट गाव लागते. घाटाचे नाव तेच गावाचे. जांभ्या दगडाची घरे, उतरती कौले, मागे माडा-पोफळीच्या बागा. एका टपरीवर चहा सांगितला. जुहरची वेळ झाली होती. अब्बांनी वुजूसाठी पाणी मागितले तेव्हा टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "पाणी हय आसा. चटय व्हयी काय?" घरामागच्या सारवलेल्या पडवीत त्यांनी स्वतः चटई अंथरली. निघताना चहाचे पैसे घेतले, पण मुलांच्या हातात केळी ठेवली.

कणकवलीला महामार्ग लागतो. तिथून कसाल, कसालहून उजवीकडे वळले की मालवण. फुफी दारातच उभी होती. भावाला पाहून ती रडली, मग हसली. अब्बांनी पाकीट पुढे केले. तिने ते न उघडता अब्बांच्या हातात परत ठेवले. "आधी जेवा," ती म्हणाली. बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी, सोलकढी. मुले पोटभर जेवली. अब्बांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसे ओतले आहे. दरवाजा असा वळणात लपवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी आहेत. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! धाकट्याने ओंजळभर पिऊन खात्री करून घेतली. महाराजांच्या आरमारात दौलतखान हे सरदार होते, हे सांगताच थोरली म्हणाली, "हे आम्हाला आधी का नाही सांगितले?"

अब्बा आणि फुफी किल्ल्यावर आले नाहीत. आम्ही परतलो तेव्हा दोघे धक्क्याजवळच्या बाकावर बसलेले होते. पाकीट आता फुफीच्या मांडीवर होते. ती काय बोलली ते अब्बांनी रात्री सांगितले, "भाईजान, सही मी राजीखुशीने केली असे सगळे समजले. मला त्या दिवशी कोणी विचारलेच नव्हते. पैशांपेक्षा मी या विचारण्याची वाट पाहत होते."

त्या रकमेतून नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरायची, असे तिने ठरवले. अब्बांनी मुलांसमोर तिची माफी मागितली. त्या रात्री अब्बा लवकर झोपले.

परत निघताना फुफीने गाडीत नारळ, कोकम आणि मालवणी खाजा भरला. फोंडा घाट चढताना अब्बा पुढच्या सीटवर बसून एकेक वळण मुलांना दाखवत होते.

कोकणात फिरायला तर सगळेच जातात. पण वाटेवर एखाद्या बहिणीचे, आत्याचे, मावशीचे घर असेल आणि तिचे काही देणे राहिले असेल, तर आधी तिच्या दारात गाडी थांबवा. समुद्र कुठे पळून जात नाही.