फाइलीतले झाड

हजरतगंजात संध्याकाळी निरुद्देश हिंडण्याला लखनौकर ‘गंजिंग’ म्हणतात. बदली होऊन आल्यावर मीही या छंदात सामील झालो. २०१० साली या पेठेची द्विशताब्दी साजरी झाली आणि २०१९ पासून तिच्या पोटातून मेट्रो धावू लागली. पण मे महिन्यात लू सुटली, की हा सारा थाट व्यर्थ वाटतो. माणूस एखाद्या झाडाची सावली शोधू लागतो.

आमच्या कचेरीच्या आवारात अशी सावली देणारा एक कडुनिंब होता. वाहनांसाठी पत्र्याची शेड बांधायचे ठरले. नकाशा मंजूर झाला, निविदा निघाली, ठेकेदाराला कार्यादेश गेला. आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आले की मध्ये एक झाड आहे! उत्तर प्रदेशात वृक्षसंरक्षणाचा १९७६ चा कायदा आहे. साहजिकच फाइल माझ्या टेबलावर आली. मी टिपणी लिहिली : ‘सदर वृक्ष कामास अडथळा करीत असल्याने तो काढण्याची परवानगी मागवावी.’ शेड चार हात सरकवली तर, हा प्रश्न मनात आला होता. कागदावर मात्र उतरला नाही. मंजूर नकाशाला प्रश्न विचारण्याची कारकुनाला सवय नसते. परवानगी यायला अडीच महिने लागले. तोवर ठेकेदार खोळंबला, साहेब वैतागले. झाड मात्र एका दुपारीच आडवे झाले.

तेव्हापासून मला आपल्या मुंबईचे आरे वारंवार आठवते. महाराष्ट्राचा नागरी वृक्षांचा कायदा तर १९७५ चा, म्हणजे आणखी एका वर्षाने वडील. तरीही ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी कुऱ्हाड चालू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे गेली होती. २०२१ साली कायदा सुधारला : पन्नास वर्षांचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. झाडाचे वय विचारणारा कायदा मला आवडला. माझ्या टिपणीत वयाला रकानाच नव्हता.

मेट्रो नको, घरे नकोत, असे म्हणणारा मी नव्हे. मी स्वतः मेट्रोने कचेरीस जातो. पण परवानगीचा प्रश्न अगदी शेवटच्या दारावर विचारला, की झाड हा अडथळाच ठरणार, आणि नियम ही कटकट. तोच प्रश्न कोऱ्या कागदावर, नकाशाची पहिली रेघ ओढण्यापूर्वी विचारला, तर झाड वाचते आणि ठेकेदाराचे अडीच महिनेही वाचतात. जतन आणि बांधणी यांचे भांडण पुष्कळदा त्यांचे स्वतःचे नसतेच. ते आपण उशिरा विचारल्याचे असते.

गेल्या महिन्यात मागच्या बाजूला आणखी एका शेडचा प्रस्ताव आला. तेथे एक जांभूळ आहे. या वेळी मी टिपणीत एक ओळ अधिक लिहिली : ‘नकाशा करण्यापूर्वी जागेवरील झाडे त्यात दाखवावीत.’ साहेबांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला.

चर्चा अजून व्हावयाची आहे. जांभूळ उभे आहे.