चौकोनी पिना

मुंबईच्या टी-टूवर सिक्युरिटी आटोपून कमरेला पट्टा बांधत होतो, तोच आठवलं: अडॅप्टर राहिला. घरी, कपाटाच्या खालच्या खणात.

"मेतकुटाची पिशवी तीनदा दाबून पाहिलीत," एवढंच बायको म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

समोरच दुकान. केबलींच्या माळा, पॉवर बँका, गळ्यात अडकवायच्या उश्या. पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, यूके?" किंमत ऐकून लॅमिंग्टन रोड आठवला. तिथे मी चार्जरच्या वायरीसाठीसुद्धा दोनदा पायरी उतरून परत चढणारा माणूस. इथे तोंडच उघडेना. रात्री दीड वाजता, बोर्डिंगला वीस मिनिटं उरलेली असताना घासाघीस कसली करणार?

लंडनला उतरल्यावर हीच वस्तू स्वस्तात मिळाली असती, हे कळत होतं. पण फोन तीस टक्क्यांवर होता. मुलीचा पत्ता त्यात, आणि नंबर, खरं सांगायचं तर, मला पाठ नाही. आमच्या आळीतल्या वाण्याचा जुना लँडलाइन नंबर अजून पाठ आहे. पोटच्या पोरीचा नाही. मुकाट्याने पैसे दिले.

विमानात ते ठोकळ्यासारखं प्रकरण हातात घेऊन बसलो. आपल्या भिंतीवरची तीन गोल भोकं मूळची इंग्रजांचीच. पण युद्धानंतर तिकडे तांब्याची टंचाई. तेव्हा घरभर एकच वेढा घालणारी वायर फिरवायची आणि फ्यूज प्लगच्याच पोटात ठेवायचा, असा हिशेब करून त्यांनी चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं. साल १९४७! म्हणजे इथून बिऱ्हाड हलवता हलवता त्यांनी गोल पिनांचाही निरोप घ्यायला घेतला, आणि आपण त्या जिवापाड सांभाळल्या. एवढ्याशा गोष्टीचा भुर्दंड मी पंचाहत्तरहून अधिक वर्षांनी भरत होतो. (किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही.)

लेकीच्या घरी पोचल्यावर ऐटीत अडॅप्टर काढला. ती हसली आणि स्वयंपाकघरातला एक खण ओढला. आत सहा-सात तसलेच ठोकळे. "हा मावशीचा, हे दोन सासूबाईंचे. आणि बाबा, हा तुमचा, गेल्या वेळचा."

त्यावर चिकटपट्टी होती. माझंच अक्षर: "लंडन. परत आणणे."